मेजर सांभाळून रायटिंग सर्टिफिकेट: कुठे अडकायला होतं आणि आधी काय करून ठेवायचं

माझं मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, मायक्रोबायॉलॉजी. अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत अंडरग्रॅड करताना त्याच्या जोडीला मी रायटिंगचं सर्टिफिकेट केलं. केलं म्हणजे, हातातून निसटता निसटता राहिलं, कारण चौथ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये मला कळलं की ज्या थिअरीच्या कोर्सशिवाय शेवटच्या पोर्टफोलिओ कोर्सला (आपल्या निवडक लेखांचा संच तयार करायचा कोर्स) बसता येत नाही तो फक्त स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीच्या सुमाराला सुरू होणाऱ्या सेमिस्टरला, असतो, आणि पोर्टफोलिओ कोर्ससुद्धा फक्त स्प्रिंगलाच. दोन्ही एकत्र घ्यायची परवानगी मागायला मी प्रोग्रॅम डिरेक्टरकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दोन वर्षं काय करत होतीस?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. परवानगी मिळाली, पण ते सेमिस्टर कसं गेलं ते आठवलं तरी अजून पोटात गोळा येतो.

माझ्यानंतर तीन-चार जणांनी मला हेच विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. हे सर्टिफिकेट लिहिता येत नाही म्हणून अडकलेलं मी फारसं पाहिलं नाही, टाइमटेबल आणि कागद यांच्यात अडकलेले मात्र बरेच पाहिले. तेव्हा लिहिण्यापेक्षा आखणीबद्दलच जास्त बोलणार आहे, चालवून घ्या.

१. आधी समजून घ्या हे नक्की काय आहे

युनिव्हर्सिटीचं रायटिंग सर्टिफिकेट म्हणजे डिग्रीच्या आत बसणारा कोर्सेसचा एक छोटा गट. साधारण १२ ते १८ क्रेडिट्स, म्हणजे ३ क्रेडिटचे चार ते सहा कोर्सेस. बॅचलर्स डिग्री साधारण १२० क्रेडिट्सची असते हे धरलं तर हा त्यातला लहानसा तुकडा आहे. मायनरपेक्षा, म्हणजे मेजरच्या जोडीच्या दुय्यम विषयापेक्षा, यात फरक काय, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. बहुतेक ठिकाणी मायनर एका डिपार्टमेंटचा असतो आणि सर्टिफिकेटमध्ये दोन-तीन डिपार्टमेंटचे कोर्स चालतात: इंग्लिशचा एखादा, कम्युनिकेशनचा एखादा, जर्नालिझमचा एखादा. तुम्ही सायन्स किंवा इंजिनीअरिंगवाले असाल तर ही मोकळीक फार कामाची आहे.

ऑनलाइन विकत मिळणाऱ्या सहा आठवड्यांच्या सर्टिफिकेटशी याची गल्लत करू नका. याला क्रेडिट्स असतात, ग्रेड असते, ती ग्रेड तुमच्या जीपीएमध्ये (सगळ्या ग्रेडची सरासरी) मोजली जाते आणि पूर्ण झालं की ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, नोंद होते. म्हणजे सोपं समजून घेतलं आणि सी आला तर मेजरच्या जीपीएला नाही पण एकूण जीपीएला चाट बसते.

२. कॅटलॉग उतरवून ठेवा, आजच

डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर एक छान पान असतं, हसऱ्या मुलामुलींचे फोटो वगैरे, आणि त्यावर रिक्वायरमेंट्स लिहिलेल्या असतात. त्या पानावर विसंबू नका. ते पान शेवटचं कोणी कधी बदललं हे त्या डिपार्टमेंटलाही माहीत नसतं. खरा कागद म्हणजे युनिव्हर्सिटीचा ॲकॅडेमिक कॅटलॉग. तो दर वर्षी नवा निघतो आणि तुम्हाला साधारणपणे तुमच्या वर्षाच्या कॅटलॉगचे नियम लागू होतात. आता "तुमचं वर्ष" म्हणजे ॲडमिशन घेतलं ते, का सर्टिफिकेट डिक्लेअर केलं, म्हणजे करणार म्हणून अधिकृतपणे नोंदवलं, ते, हे युनिव्हर्सिटीगणिक बदलतं. ॲडव्हायजरला पहिला प्रश्न हाच विचारा.

मग त्या वर्षाच्या कॅटलॉगमधलं सर्टिफिकेटचं पान पीडीएफ करून ठेवा. मध्येच कोर्सचे नंबर बदलतात, एखादा कोर्स बंदच होतो, आणि दोन वर्षांनी तुमचा रेकॉर्ड बघणारी व्यक्ती वेगळीच असते. माझ्या यादीतला एक एडिटिंगचा कोर्स असाच गायब झाला. माझ्याकडे जुनं पान होतं म्हणून त्याच्याऐवजी दुसरा कोर्स धरायचा फॉर्म एका दिवसात सही होऊन आला.

३. डिक्लेअर लवकर करा, मन पक्कं नसलं तरी

"आधी दोन कोर्स करून बघते, आवडलं तर डिक्लेअर करीन" हा माझा विचार होता आणि तो साफ चुकला. डिक्लेअर करायला पैसे लागत नाहीत, एक फॉर्म असतो, फार तर डिरेक्टरशी पंधरा मिनिटं बोलणं. सोडायचं असेल तर तोही एक फॉर्म. पण डिक्लेअर केलं की तीन गोष्टी होतात. सर्टिफिकेटच्या मेलिंग लिस्टवर नाव जातं, डिग्री ऑडिटमध्ये (कोणत्या अटी पूर्ण झाल्या, कोणत्या उरल्या हे दाखवणारा रिपोर्ट) सर्टिफिकेटचा वेगळा रकाना दिसायला लागतो, आणि काही कोर्समध्ये जागा आधी सर्टिफिकेटवाल्यांना देतात, उरल्या तर इतरांना.

ही तिसरी गोष्ट किरकोळ नाही. रायटिंगचे वर्ग लहान असतात, आणि ते मुद्दाम लहान ठेवतात. कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांची अमेरिकेतली जी मोठी संघटना आहे, कॉन्फरन्स ऑन कॉलेज कॉम्पोझिशन अँड कम्युनिकेशन, तिची शिफारसच आहे की रायटिंगच्या वर्गात २० च्या वर विद्यार्थी नसावेत, जमलं तर १५ च. कारण उघड आहे, शिकवणाऱ्याला प्रत्येकाचे दोन-दोन, तीन-तीन ड्राफ्ट वाचायचे असतात. आता दोनशे जणांच्या केमिस्ट्रीच्या लेक्चरला रजिस्ट्रेशन करून सवय झालेला माणूस तीन दिवसांनी निवांत लॉगिन करतो आणि बघतो तर वेटलिस्टवर नववा.

४. उलटीकडून आखणी करा

हा भाग सावकाश वाचा, बाकीचं वरवर वाचलं तरी चालेल.

एक कागद घ्या, आठ सेमिस्टरचे आठ चौकोन काढा, आणि शेवटच्या चौकोनापासून सुरुवात करा. शेवटी काय लागतं? बहुतेक ठिकाणी कॅपस्टोन, म्हणजे शेवटचा मोठा प्रोजेक्ट, किंवा पोर्टफोलिओ. त्याच्या आधी काय पूर्ण झालेलं लागतं? ते त्याच्या मागच्या चौकोनात. त्याच्या आधी काय? असं करत करत पहिल्या वर्षाच्या कॉम्पोझिशन कोर्सपर्यंत या. पुढून आखलं तर पहिल्या दोन वर्षांत सगळे छान छान कोर्स होतात आणि शेवटी ज्याच्यावर सगळं अडलंय तोच राहतो, माझं अगदी हेच झालं.

आता प्रत्येक कोर्ससमोर तीन गोष्टी लिहा:

- तो फॉलला (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणारं सेमिस्टर) असतो का स्प्रिंगला, का दोन्हीला, का वर्षाआड. कॅटलॉगमध्ये हे कधी लिहिलेलं असतं कधी नसतं. नसेल तर मागच्या चार सेमिस्टरची वेळापत्रकं बघा, रजिस्ट्रारच्या साइटवर जुनी वेळापत्रकं बहुधा मिळतात. दोन वर्षांत एकदाच दिसला तर तो वर्षाआडचा समजून चला.
- त्याचा प्रीरिक्विझिट, म्हणजे आधी पूर्ण झालेला लागतो तो कोर्स.
- तो आठवड्यातून किती वेळा आणि किती वाजता असतो.

तिसऱ्या मुद्द्याला मी हसले होते. वरच्या लेव्हलचे रायटिंग सेमिनार आठवड्यातून एकदाच पण सलग अडीच-तीन तास असतात, बहुतेक दुपारी. आणि माझ्या मेजरच्या लॅब्जसुद्धा दुपारीच, सलग तीन तास, तेही आठवड्यातून दोनदा. मंगळवार दुपार एकच आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोघं. लॅबचं सेक्शन बदलणं सेमिनारपेक्षा सोपं असतं कारण लॅबला चार-पाच सेक्शन असतात आणि सेमिनारला एकच. म्हणून रजिस्ट्रेशनच्या दिवशी आधी सेमिनार पकडा, मग त्याच्या भोवती लॅब बसवा. मेजरच्या ॲडव्हायजरला हे आवडणार नाही, ती म्हणेल मेजर आधी, तिला ही सेक्शनची गोष्ट नीट समजावून सांगा, ऐकते.

आणि हो, दोन ॲडव्हायजर असतील तर ते एकमेकांशी बोलतात असं समजू नका. नाही बोलत. आठ चौकोनांचा तो कागद दोघांनाही मेल करा, उत्तरं एकाच मेलच्या साखळीत राहू द्या.

५. एक कोर्स दोन ठिकाणी धरता येतो का

याला डबल काउंटिंग म्हणतात आणि वेळेची खरी बचत इथेच होते. बऱ्याच युनिव्हर्सिटींमध्ये प्रत्येक मेजरमध्ये एक-दोन रायटिंग इंटेन्सिव्ह, म्हणजे लेखनावर भर असलेले, कोर्स करावेच लागतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत अशी चळवळच झाली की लेखन हे फक्त इंग्लिश डिपार्टमेंटचं काम नाही, प्रत्येक विषयाने आपल्या विद्यार्थ्यांना लिहायला शिकवावं, त्यातून हे कोर्स आले. तर तुमच्या मेजरमधला असा कोर्स सर्टिफिकेटमध्येही धरतात का ते विचारा. जनरल एज्युकेशनमधला एखादा लिटरेचर किंवा रेटरिकचा कोर्सही कधी कधी बसतो.

पण याला मर्यादा असते. कुठे एकच कोर्स दोन्हीकडे चालतो, कुठे दोन, कुठे ठरावीक क्रेडिट्स फक्त सर्टिफिकेटचीच असावी लागतात. तोंडी "हो चालेल बहुतेक" यावर जाऊ नका. मी मेलवर विचारलं, उत्तर आलं, ते जपून ठेवलं, आणि दोन वर्षांनी डिग्री ऑडिटमध्ये तो कोर्स लाल, म्हणजे न धरलेला, दिसत होता तेव्हा तोच मेल पुढे पाठवला.

याच भागातले छोटे पण बोचणारे नियम:

एपी परीक्षेच्या (शाळेत असतानाच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) जोरावर पहिल्या वर्षाचं कॉम्पोझिशन माफ झालं असेल तर छानच, पण माफ झालेला कोर्स सर्टिफिकेटच्या क्रेडिट्समध्ये मोजतीलच असं नाही.

कोर्स पास-फेल, म्हणजे लेटर ग्रेडऐवजी नुसतं पास किंवा फेल, करू नका. सर्टिफिकेटसाठी बहुतेक ठिकाणी लेटर ग्रेड लागते आणि ती सी किंवा त्याच्या वरची. मेजरच्या ओझ्याने वैतागून सेमिस्टरच्या मध्यात रायटिंगचा कोर्स पास-फेल केला आणि तो सर्टिफिकेटमधून उडाला, असं माझ्या ओळखीच्या दोघांचं झालंय.

दुसऱ्या कॉलेजातून ट्रान्सफर केलेले कोर्स किती चालतात याचीही वेगळी मर्यादा असते. समर कोर्स बाहेरून करायचा बेत असेल तर आधी विचारा, फी भरल्यावर नाही.

६. व्हिसा आणि पैशाच्या गाठी

एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर हे वाचाच. अंडरग्रॅडला फॉल आणि स्प्रिंगमध्ये किमान १२ क्रेडिट्स पाहिजेत, आणि त्या फुल-टाइमच्या हिशोबात एका टर्मला एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे ३ क्रेडिट्स, धरता येतो. रायटिंगचे बरेच कोर्स आता ऑनलाइन असतात, टेक्निकल रायटिंग तर हमखास. एकाच टर्मला दोन ऑनलाइन घेतले आणि प्रत्यक्ष वर्गातली क्रेडिट्स ९ च्या खाली आली तर तुमचा फुल-टाइमचा आकडा भरत नाही. आणि सेमिस्टरच्या मध्यात एखादा कोर्स ड्रॉप करून १२ च्या खाली जायचं असेल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी, मग ड्रॉप. क्रम उलटा झाला की व्हिसाच्या स्टेटसवर येतं.

मेजर पूर्ण झालं आणि फक्त सर्टिफिकेटचा एक कोर्स उरला, तेवढ्यासाठी आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद, ज्यावर शिक्षणाची मुदत असते) वाढवून मिळेल असं गृहीत धरून राहू नका, एक्स्टेन्शनला ठोस शैक्षणिक किंवा वैद्यकीय कारण लागतं. दुसरं, ओपीटीवरचं, म्हणजे एफ-१ वाल्यांना मिळणाऱ्या काम करायच्या तात्पुरत्या परवानगीवरचं, काम तुमच्या मेजरशी थेट संबंधित असावं लागतं. माझ्यासारख्या मायक्रोबायॉलॉजीवालीने सायन्स रायटिंगची नोकरी धरली तर तो संबंध नीट मांडता यायला हवा. कामाच्या वर्णनात विषय कुठे आला, वाचायचं काय, तपासायचं काय, हे लिहून घ्या, आणि ऑफर आली की ते घेऊन इंटरनॅशनल ऑफिसशी बोला.

सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल आणि फेडरल एड, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणासाठीची आर्थिक मदत, घेत असाल तर वेगळी गाठ आहे. एडसाठी तुमची क्रेडिट्स मोजताना डिग्रीला लागू होणारे कोर्सच धरतात. सर्टिफिकेटचे कोर्स तुमच्या डिग्रीतल्या फ्री इलेक्टिव्हमध्ये (आवडीचा कोणताही कोर्स घ्यायला मोकळ्या ठेवलेल्या जागा) बसत असतील तर काही अडचण नाही, पण इलेक्टिव्हची जागा आधीच भरून गेली असेल तर फायनान्शियल एड ऑफिसला विचारून मगच रजिस्टर करा. फ्री इलेक्टिव्ह जपून वापरा असं मी जे सगळ्यांना सांगत असते ते यासाठीच.

७. कोणते कोर्स घ्यायचे

हे ज्याच्या त्याच्या आवडीवर आहे, पण माझं मत विचाराल तर तीन प्रकार मिसळा.

एक असा, ज्यात वाचणाऱ्याला काहीतरी करायचंय. टेक्निकल रायटिंग, ग्रँट रायटिंग, असा. आमच्या टेक्निकलच्या वर्गात सरकारी सूचना घेऊन त्या साध्या भाषेत पुन्हा लिहायच्या होत्या. अमेरिकेत २०१० साली प्लेन रायटिंग ॲक्ट नावाचा कायदाच झालाय, फेडरल खात्यांनी जनतेसाठीचे कागद समजतील असे लिहावेत म्हणून. कायदा होऊनही काही फॉर्म कसे आहेत ते तुम्ही भरलेच असतील, जाऊ दे.

दुसरा, ज्यात तुम्ही स्वतः दिसता. क्रिएटिव्ह नॉनफिक्शन किंवा निबंधाचा वर्कशॉप. सायन्सवाले हा टाळतात, मीही टाळणार होते. वर्कशॉपमध्ये तुमचा मजकूर सगळ्यांनी आधी वाचलेला असतो, ते अर्धा तास त्यावर बोलतात आणि बऱ्याच वर्गांत तोवर लेखकाने गप्प बसायचं असा नियम असतो. पहिल्यांदा कान लाल होतात. पण आपलं वाक्य दुसऱ्याने भलत्याच अर्थाने घेतलं हे तोंड बंद ठेवून ऐकणं, यासारखं शिक्षण नाही.

तिसरा, एडिटिंगचा. याच्याबद्दल मी हट्टी आहे. दुसऱ्याचा मजकूर दुरुस्त करताना आपल्या खोडी दिसतात. शाळेत मराठी निबंधाची सुरुवात सुभाषिताने करायची जी सवय लागलेली असते ती माझ्या इंग्लिशमध्येही होती, मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात उगवायचा, आणि हे मला कळलं ते दुसऱ्या एका मुलीच्या लेखाचे पहिले दोन परिच्छेद खोडताना.

८. लागणारी साधनं आणि कागद

- कॅटलॉगच्या पानाची पीडीएफ, तारखेसकट
- आठ सेमिस्टरचा तक्ता
- ॲडव्हायजरांच्या मेलचा एक वेगळा फोल्डर
- प्रत्येक रायटिंग कोर्सचा सिलॅबस. नंतर एखादा कोर्स बदली म्हणून धरायला सांगायचं असेल तर हाच मागतात
- झोटेरो. संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे
- परड्यू युनिव्हर्सिटीची आऊल ही साइट, मुख्य सायटेशन स्टाइल्स, म्हणजे संदर्भ द्यायच्या पद्धती, उदाहरणांसकट, तीही फुकट

झोटेरो का, तर तुम्ही एकाच सेमिस्टरला तीन स्टाइल्समध्ये लिहिणार आहात. इंग्लिशच्या वर्गात एमएलए, सोशल सायन्सकडे एपीए, इंजिनीअरिंगवाल्यांना आयईईई, बायॉलॉजीला सीएसई किंवा एखाद्या जर्नलची स्वतःची. त्यातही आवृत्ती बघायची: एपीएची सातवी २०१९ ची, एमएलएची नववी २०२१ ची, शिकागोची अठरावी २०२४ ची. सीनियरने दिलेली जुनी चीटशीट फेकून द्या.

९. वर्गात टिकायचं कसं

लॅब रिपोर्ट आदल्या रात्री लिहून निभावतं. रायटिंगच्या कोर्सला ते चालत नाही, कारण ग्रेड ड्राफ्टलाही असते आणि पीअर रिव्ह्यूलाही, म्हणजे वर्गातल्या दुसऱ्याच्या मजकुरावर तुम्ही दिलेल्या शेऱ्यांनाही. पहिला ड्राफ्ट दिलाच नाही तर शेवटचा कितीही चांगला असो, मार्क गेले ते गेले. मेजरच्या मिडटर्मच्या तारखा आणि ड्राफ्टच्या तारखा पहिल्याच आठवड्यात एका कॅलेंडरवर टाका. तीन ठिकाणी तरी आदळणारच. त्या तीन ठिकाणांबद्दल प्रोफेसरांना सेमिस्टरच्या सुरुवातीला सांगितलं तर मुदत मिळते, आदल्या रात्री मेल केला तर मिळत नाही.

पीअर रिव्ह्यूमध्ये "छान आहे, आवडलं" लिहून मोकळे होऊ नका. कुठे अडखळलात ती ओळ दाखवा, काय समजलं ते एका वाक्यात सांगा. लेखकाला ते पुरतं.

रायटिंग सेंटरला जा, पण ते व्याकरण तपासून देतील या आशेने जाऊ नका, बहुतेक ठिकाणी ते प्रूफरीडिंग करत नाहीत आणि तसं आधीच सांगतात. तिथे जायचं ते एक प्रश्न घेऊन: "माझा मुद्दा कुठे सुरू होतो असं तुला वाटतं?" वेळ अर्धा-पाऊण तासच असतो, वीस पानं घेऊन गेलात तर दोन पानं होतील.

एआयबद्दल एकच सांगते. प्रत्येक सिलॅबसमध्ये नियम वेगळा असतो, एका वर्गात विचार सुचवायला चालतं, दुसऱ्यात अजिबात नाही, तिसऱ्यात वापरलं तर तसं लिहून द्यायचं. मागच्या वर्गाचा नियम या वर्गात लावू नका. आणि ड्राफ्टची हिस्टरी दिसेल अशा ठिकाणी लिहा, म्हणजे उद्या कोणी शंका घेतली तर मजकूर कसा घडत गेला हे दाखवता येतं.

१०. पोर्टफोलिओ पहिल्या दिवसापासून

पोर्टफोलिओत साधारण तुमचे तीन-चार लेख, आणि त्यांच्यावर तुम्ही लिहिलेला एक चिंतनाचा निबंध असतो, रिफ्लेक्शन. लोकांना वाटतं चांगले लेख निवडले की झालं. तसं नसतं. तपासणाऱ्याला बघायचं असतं ते तुम्ही बदल कसे केले, आणि त्यासाठी जुने ड्राफ्ट लागतात, प्रोफेसरांच्या शेऱ्यांसकट. मी दुसऱ्या वर्षीचे सगळे ड्राफ्ट एकाच फाइलवर लिहून लिहून पुसून टाकले होते. उरला होता फक्त शेवटचा, आणि त्यावरून "मी यात काय सुधारलं" हे आठवून लिहायचं म्हणजे गोष्टच रचायची.

तेव्हा प्रत्येक ड्राफ्ट वेगळ्या नावाने ठेवा: कोर्स, लेखाचं नाव, ड्राफ्टचा नंबर, तारीख. कोर्स संपला की युनिव्हर्सिटीच्या कोर्स साइटवरचे शेरे दिसेनासे होऊ शकतात, म्हणून ग्रेड लागली की त्याच आठवड्यात ते उतरवून घ्या. ग्रॅज्युएशननंतर युनिव्हर्सिटीचा ड्राइव्हही बंद होऊ शकतो, एक कॉपी स्वतःकडे.

आता रिफ्लेक्शन. माझा पहिला प्रयत्न असा होता की मी खूप शिकले, माझा आत्मविश्वास वाढला, सगळ्यांचे आभार. परत आला. शेरा एकच होता: "कुठे दिसतंय?" मग मी एक परिच्छेद घेतला, ई. कोलायच्या ग्रोथ कर्व्हवरचा. पहिल्या ड्राफ्टची सुरुवात होती सूक्ष्मजीव निसर्गात सर्वत्र आढळतात अशी, मग ३७ अंशांना चांगल्या माध्यमात ते साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात, मग आमची पद्धत, आणि आमच्या नमुन्यात वाढ अपेक्षेपेक्षा मंद होती हे पार शेवटी. तिसऱ्या ड्राफ्टमध्ये मंद वाढ पहिल्या वाक्यात आली, वीस मिनिटांचा आकडा तुलनेसाठी दुसऱ्या वाक्यात, आणि सर्वत्र आढळणारे सूक्ष्मजीव गेले. हे दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवले आणि लिहिलं की पहिला मी माझ्या टीचिंग असिस्टंटसाठी लिहिला होता, मला सगळं येतं हे तिला दाखवायला, आणि तिसरा अशा माणसासाठी ज्याला ठरवायचंय की हा प्रयोग पुन्हा करायचा का. तेवढं एक उदाहरण दीड पान चाललं आणि तेच पास झालं.

एक सापळा इथे आहे जो कोणी सांगत नाही. पोर्टफोलिओ कधी कधी सगळ्यांना दिसेल अशा साइटवर ठेवायचा असतो. इंटर्नशिपमध्ये लिहिलेले कागद कंपनीचे असतात, लेखी परवानगीशिवाय टाकू नका. लॅबमधला न छापलेला डेटा असेल तर ज्यांची लॅब आहे त्या प्रोफेसरांना विचारा. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर तुमचा भाग कोणता ते लिहा आणि बाकीच्यांना कळवा. नाव बदलून, आकडे झाकून चालत असेल तर तसं करा, त्यावरसुद्धा रिफ्लेक्शनमध्ये दोन ओळी लिहिता येतात.

११. शेवटच्या सेमिस्टरला

ग्रॅज्युएशनचा अर्ज भरताना सर्टिफिकेट आपोआप येतं असं नाही. कुठे त्याच अर्जात वेगळी खूण करावी लागते, कुठे स्वतंत्र अर्ज असतो आणि त्याची मुदत डिग्रीच्या अर्जाआधीच संपते. सेमिस्टर सुरू होताच डिग्री ऑडिट काढा. सर्टिफिकेटच्या रकान्यात एकही लाल खूण राहिली असेल तर बदलीचे फॉर्म तेव्हाच द्या, मे महिन्यात डिरेक्टर सापडत नाहीत.

डिग्री मिळाल्यावर एक अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट काढून सर्टिफिकेटची नोंद आहे का ते डोळ्यांनी बघा. माझी नव्हती. डिप्लोमावर, म्हणजे डिग्रीच्या कागदावर, ते नसतं बहुतेक, वेगळा कागद देतात किंवा तोही देत नाहीत, म्हणून ट्रान्सक्रिप्टवरची ती ओळ हाच पुरावा. मी रजिस्ट्रारला मेल केला, सोबत डिरेक्टरचा मंजुरीचा मेल जोडला, आठवड्याभरात दुरुस्त झालं. डिग्री दिल्यानंतर रेकॉर्ड गोठवतात आणि मग असा बदल करणं अवघड होत जातं, त्यामुळे हे लगेच करा.

रेझ्युमेवर ते शिक्षणाच्या खाली एका ओळीत लिहा, मेजरच्या शेजारी. आणि नोकरीच्या अर्जात "नमुना जोडा" असं आलं तर सगळा पोर्टफोलिओ पाठवू नका, त्यांच्या कामाशी जुळणारा एकच लेख, दोन-तीन पानांचा. मला इंटरव्ह्यूला बोलावलं तेव्हा त्यांनी सर्टिफिकेटबद्दल काहीच विचारलं नाही, त्या ग्रोथ कर्व्हच्या लेखाची प्रिंट समोर ठेवून एका वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे असं का लिहिलंस.